पोरगं होतकरू आहे, पण किती?

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी नाव द्यायला एक विद्यार्थी गेला. उंची पाच फूट पाच इंच, अंगानं किरकोळ. हा काय कुस्ती करणार, असं म्हणून त्याचं नाव घेतलंच गेलं नाही, असं सांगतात. मुलगा उठला आणि थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य खर्डेकरांनी त्याला उतरू दिलं आणि त्यानं आपल्यापेक्षा थोराड गडी एकामागून एक पाडले. हा मुलगा म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सहावा क्रमांक मिळवला आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीच्या प्रवासासाठी याच खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात आजही अभिमानानं सांगितलं जातं.

मुलगा एकच, पाहणारे दोघे. एकानं अंगकाठी पाहिली आणि निकाल दिला. दुसऱ्यानं निकाल आखाड्यावर सोडला. तरुण खेळाडूची कुवत जोखण्याचा सगळा प्रश्न या दोन नजरांमधल्या फरकाचा आहे. मोडलेला संघ नव्यानं उभा करायचा असतो तेव्हा तर तो फार महागात पडतो, कारण तेव्हा हातात तयार गडी नसतात, फक्त पोरं असतात. त्यातल्या कुणासाठी थांबायचं आणि कुणाला मोकळं करायचं, हे ठरवावंच लागतं.

कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. इथल्या संघांची मुळं तालमीत आणि पेठेत. हंगाम शाहू स्टेडियमवर रंगतो आणि गॅलरीत पेठच्या पेठ येऊन बसते. एखाद्या वर्षी दोन-तीन जुने खेळाडू थकतात, एखादा नोंदणीच्या वेळी दुसऱ्या संघाकडून उतरतो, एखाद्याचा गुडघा जातो आणि बघता बघता संघ सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर येतो. मग व्यवस्थापकापुढे दोन वाटा असतात. बाहेरचे खेळाडू आणून हंगाम निभावायचा, किंवा पोरांना मैदानात सोडायचं आणि गॅलरीचं बोलणं खायचं. पहिली वाट नायजेरियाच्या खेळाडूंपर्यंत जाऊन आलेली आहे. दुसऱ्या वाटेवर चालायचं तर पोरं पारखता यायला हवीत.

ही पारख जगात सर्वांत उघडपणे, आकडे टेबलावर मांडून कुठं चालत असेल, तर अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएत, नव्या खेळाडूंची निवड पाळीपाळीनं होते आणि तळाच्या संघांना आधी निवडायची संधी मिळण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे तिथं हरण्यालाही काही किंमत मिळते. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या संघानं २०१३पासून ही गोष्ट टोकाला नेली. सॅम हिंकी या व्यवस्थापकानं नावाजलेले खेळाडू विकले, तरुण घेतले आणि पराभव पत्करले. तीन हंगामांत ८२ पैकी १९, मग १८, मग १० सामने जिंकले. कोल्हापुरात एवढं हरणाऱ्या व्यवस्थापकाला पेठेत तोंड दाखवता आलं नसतं. आपल्याकडं हरण्याचं बक्षीसही नाही. तळाला राहिलं की वरिष्ठ गटातून खाली जाण्याची टांगती तलवार, एवढंच. पण त्या काळातले तीन तरुण खेळाडू शेजारीशेजारी ठेवून पाहिले, की पारख कुठं चुकते ते लख्ख दिसतं.

पहिला मायकेल कार्टर-विल्यम्स. २०१३च्या निवडीत अकरावा. फिलाडेल्फियाकडून पहिल्याच हंगामात सामन्यामागे १६.७ गुण, सहावर असिस्ट (म्हणजे गुण करून देणारे पास), सहावर रिबाउंड (म्हणजे हुकलेले चेंडू पकडणं). त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू. दुसरा यानिस आंतेतोकूंपो. त्याच निवडीत पंधरावा. ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून आलेला, काटकुळा. मिलवॉकी बक्स संघाकडून पहिल्या हंगामात सामन्यामागे अवघे ६.८ गुण. त्या हंगामात मिलवॉकीनं फक्त १५ सामने जिंकले, म्हणजे तो फिलाडेल्फियापेक्षाही वाईट संघ. तिसरा जलील ओकाफोर. २०१५मध्ये फिलाडेल्फियानं तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला धिप्पाड सेंटर. पहिल्या हंगामात सामन्यामागे १७.५ गुण.

या तिघांचे पहिल्या हंगामाचे आकडे कुणाही समंजस माणसापुढे ठेवले असते, तर त्यानं ओकाफोर आणि कार्टर-विल्यम्सला निवडलं असतं आणि त्या ग्रीक पोराला अजून दोन वर्षं खुराक द्या म्हणाला असता. झालं उलटं. कार्टर-विल्यम्स पुढं संघासंघांतून फिरत राहिला. ओकाफोरला अडीच वर्षांतच फिलाडेल्फियानं सोडलं आणि काही वर्षांत तो त्या लीगमधूनच बाहेर पडला. यानिसचे गुण मात्र हंगामागणिक ६.८वरून १२.७, १६.९, २२.९, २६.९ असे चढत गेले. २०१९ आणि २०२० साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२१मध्ये त्यानं मिलवॉकीला अजिंक्यपद मिळवून दिलं.

नशीब म्हणून हे सोडून देता येत नाही. खुणा तेव्हाही होत्या. पहिली वयाची. दोघे एकाच वर्षी निवडले गेले खरे, पण हंगाम सुरू झाला तेव्हा कार्टर-विल्यम्सला बावीस पुरी झाली होती आणि यानिस अजून एकोणिसाचाही नव्हता. तीन वर्षांचं अंतर. बावीस वर्षांच्या माणसाचे सोळा गुण आणि अठरा वर्षांच्या पोराचे सहा गुण एकाच पारड्यात टाकायचे नसतात. दुसरी खूण अंगाची. यानिसची उंची निवडीनंतरही वाढतच होती आणि त्याची ढांग अशी, की चेंडू दोन-तीनदा आपटला की अर्धं मैदान मागं पडायचं. तिसरी खूण नेमाची. कार्टर-विल्यम्सच्या लांबून मारलेल्या चार चेंडूंत जेमतेम एक पडायचा, त्यामुळे त्याला मोकळं सोडून बाकीच्यांना घेरता यायचं. फिलाडेल्फियानं हे ओळखलं आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान ताजा असतानाच, फेब्रुवारी २०१५मध्ये त्याला विकून टाकलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. पण त्याच माणसांनी चार महिन्यांनी ओकाफोरला निवडलं. एकदा जमलेली नजर दुसऱ्यांदा चुकू शकते, हे पारख करणाऱ्यानं कायम लक्षात ठेवावं.

ओकाफोरचे १७.५ गुण खोटे नव्हते, पण ते अशा संघात झाले जिथं दुसरं कुणी गुण करणारंच नव्हतं. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, दोन्ही संघांना चेंडू साधारण सारखाच मिळतो आणि कुणाला तरी तो मारावाच लागतो. दुबळ्या संघात सगळ्या चाली एकाच खेळाडूकडं वळतात आणि त्याचे आकडे फुगतात. ओकाफोर चेंडू घेऊन पाठ रेटत रेटत बास्केटजवळ जायचा आणि मऊ हातानं टाकायचा, बघायला सुरेख. बचावात मात्र तो मागं पडायचा आणि चेंडू नसताना संघाला त्याचा उपयोग थोडा होता. एखादा संघ दहा सामने जिंकतो आणि त्यातला एक जण सामन्यामागे सतरा गुण करतो, तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, चांगल्या संघात याच्या वाट्याला निम्मे चेंडू आले तर हा काय करेल?

आपल्याकडंही हे घडतं. तालमीच्या दुबळ्या संघात एकच पोरगं फ्री किक मारतं, पेनल्टी मारतं, कॉर्नरही तेच मारतं. हंगामअखेर त्याच्या नावावर आठ-नऊ गोल दिसतात आणि दुसरा संघ त्याला उचलतो. तिथं पेनल्टी मारणारा आधीच असतो. मग वर्षभरात ऐकू येतं, की पोरगं बिघडलं. बिघडलेलं काही नसतं; त्याच्या गोलांतले चालत्या खेळातले किती आणि थांबलेल्या चेंडूवरचे किती, हे कुणी मोजलेलं नसतं.

आकड्यांचा आणखी एक दगा आहे, तो नमुना लहान असण्याचा. समजा, एखाद्या मुलाचा लांबून टाकलेल्या चेंडूंचा खरा नेम शंभरात पस्तीस आहे. त्यानं हंगामात शंभरच चेंडू टाकले, तर निव्वळ योगायोगानं त्यातले पंचवीसही पडू शकतात आणि पंचेचाळीसही. गणितानं वीसपैकी एकोणीस वेळा उत्तर या दोन टोकांच्या मध्ये येईल. पंचवीस पडले की तो अडाणी नेमबाज ठरतो, पंचेचाळीस पडले की तारा. मुलगा तोच. म्हणून बास्केटबॉलचे जाणकार कॉलेजच्या खेळाडूचा लांबचा नेम ताडताना त्याच्या फ्री थ्रोकडंही बघतात. फ्री थ्रो म्हणजे ठरलेल्या रेषेवरून, अंगावर कुणी नसताना टाकायचा चेंडू. तिथं बचाव नाही, घाई नाही, दिसतो तो फक्त हात आणि मनगट. ज्याचा हात तिथं स्थिर, त्याचा लांबचा नेम पुढं सुधारण्याची शक्यता जास्त, असा अनुभव आहे. फुटबॉलमध्ये गोल इतके थोडे होतात, की एका हंगामाच्या गोलांवर तरुण स्ट्रायकर तोलणं मला तरी अन्यायाचं वाटतं. तो सामन्यात किती वेळा मारण्याच्या जागी पोचतो, हे पाहावं. जागेवर पोचणं ही सवय आहे आणि ती गोलांच्या संख्येइतकी वरखाली होत नाही.

आता मुख्य घोळाकडं, म्हणजे वाढत्या अंगाकडं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली तिथल्या आइस हॉकीतल्या तरुण खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. कारण साधं होतं. वयोगट १ जानेवारीला बदलतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात खेळतात, पण नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे मोठा पल्ला असतो. थोरला मुलगा दांडगा दिसतो, निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात आणि काही वर्षांनी तो खरोखरच चांगला होतो. डिसेंबरचा मुलगा घरी जातो. पुढं फुटबॉलपासून बास्केटबॉलपर्यंत अनेक खेळांत हीच गोष्ट दिसली. आपल्याकडं १४ वर्षांखालचा किंवा १७ वर्षांखालचा संघ निवडला, की निवडलेल्यांच्या जन्माचे महिने एका कागदावर लिहून पाहावेत. काही सांगायची गरज उरणार नाही.

जन्माचा महिना तरी कागदावर असतो. अंगाच्या आतलं घड्याळ कागदावर नसतं. मुलांची उंची सर्वांत वेगानं वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्याच्या. त्या एका वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर उंचावू शकतो. पण ‘आसपास’ हा शब्द फार मोठा आहे. कुणाचं हे वर्ष बाराव्याला येतं, कुणाचं सोळाव्याला. त्यामुळं तेरा वर्षांच्या दोन मुलांत अंगानं चार वर्षांपर्यंतचं अंतर असू शकतं. लवकर वाढलेला तेराव्या वर्षीच खांद्यानं सगळ्यांना रेटतो, लांबून गोल मारतो, चषक आणतो. उशिरा वाढणारा त्याच्या बगलेखाली असतो. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे चटकन पटावं. सुरू ऊस बारा महिन्यांत तोडीला येतो, आडसालीला सोळा-अठरा महिने लागतात. बाराव्या महिन्यात दोघांची तुलना करून आडसाली हलका म्हणणारा माणूस आपल्या भागात सापडणार नाही. पोरांच्या बाबतीत मात्र तो दर हंगामात सापडतो.

हे अंतर ताडायला फार खर्च नाही. २००२ साली रॉबर्ट मिरवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं, त्याला लागतं काय? वय, वजन, उभ्यानं उंची आणि बसून उंची. मुलाला भिंतीला पाठ टेकवून सपाट बाकावर बसवायचं, बाकापासून डोक्यापर्यंत मोजायचं आणि तेवढं उभ्या उंचीतून वजा करायचं. उरली ती पायांची लांबी. वाढीच्या वर्षांत आधी पाय लांबतात, मग धड. तेरा-चौदाचा मुलगा पायांनी लांब आणि धडानं आखूड दिसत असेल, तर त्याची बरीच वाढ अजून बाकी असण्याचा संभव असतो. ज्याचं धडही भरलेलं आहे, त्याचं बरंचसं आलेलं असतं. सूत्र अचूक नाही, वर्षभराची चूक त्यात सहज होऊ शकते. पण ‘पोरगं अजून वाढायचं आहे’ हे नुसतं म्हणण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. इंग्लंडमध्ये काही वर्षांपासून वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार मुलांचे गट पाडून सामने खेळवून पाहिले गेले. लवकर वाढलेल्या मुलांना अंगाचा जोर पुरेना, तेव्हा त्यांना पास द्यायला शिकावं लागलं. उशिरा वाढणाऱ्यांना पहिल्यांदाच पुढाकार घेता आला.

वाढीच्या वर्षात आणखी एक होतं. हातपाय एकदम लांबल्यामुळं तोल बिघडतो, पहिला स्पर्श जातो, गुडघ्याखाली दुखायला लागतं. काल छान खेळणारं पोरगं अचानक धडपडायला लागतं. मुलींच्या बाबतीत अंग भरल्यावर काही काळ वेग मंदावल्यासारखा वाटतो आणि नेमक्या त्याच वर्षी त्यांना घरी बसवलं जातं. खेळाडू सोडून देण्याचा निर्णय त्या बारा-अठरा महिन्यांत कधीही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वयाची चोरी हा याच दुखण्याचा वाईट प्रकार. सोळाच्या गटात अठराचा खेळवला की चषक येतो, पण दोन खऱ्या सोळा वर्षांच्या पोरांची जागा जाते. फिफानं २००९च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. मनगटाशी हाताच्या हाडाची वाढपट्टी असते. ती पूर्ण सांधलेली दिसली, तर मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता फारच कमी. तालमीला एमआरआय परवडणार नाही. पण पेठेत कोण कधी जन्मलं हे सगळ्यांना माहीत असतं. तिथं गप्प बसणं हाच गुन्हा.

महाराष्ट्रानं या पारखीसाठी सरकारी चाळणीही केली आहे. क्रीडा प्रबोधिनीत मुलं घेताना त्यांची उंची, वजन, लवचिकता, ३० मीटर धाव, ६ बाय १० मीटरची शटल रन, उभी उडी, मेडिसीन बॉल फेक, ८०० मीटर धाव अशा चाचण्या होतात. एखाद्या खेळातलं कौशल्य नंतर, आधी अंगाची घडण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २००९ साली नाशिकच्या प्रबोधिनीत गेला, वर्षभर अंगमेहनत केली आणि मग खेळ निवडायची वेळ आली तेव्हा त्यानं नेमबाजी घेतली. प्रबोधिनीत गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह त्यानं कांस्यपदक मिळवलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कसलेले अनेक नेमबाज तिशीत बहरतात, जिम्नॅस्ट विशीतच मावळू लागतात. म्हणजे थांबायचं किती, हे खेळावरही ठरतं. विशीच्या उंबरठ्यावर असताना स्वप्नीलला कुणी ऑलिंपिक पदक नाही म्हणून खोडलं असतं तर?

कोल्हापूरचा दुसरा मुलगा अनिकेत जाधव. वडील रिक्षा चालवायचे; पोरगं पुण्याच्या प्रबोधिनीत जाऊन फुटबॉल शिकलं आणि २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळलं. भारत तीनही सामने हरला. अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२, घानाविरुद्ध ०-४. निकालावर थांबलं असतं तर तो संघ तिथंच विरला असता. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं त्यातल्या बहुतेकांना ‘इंडियन ॲरोज’ या नावानं आय-लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध उतरवलं. हा संघ तळाला राहिला तरी खालच्या श्रेणीत जाणार नव्हता. परदेशी खेळाडू घ्यायचा नाही आणि पोरांनाच खेळवायचं, हाच त्याचा हेतू. २९ नोव्हेंबर २०१७ला पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे. हंगामअखेर मात्र १८ सामन्यांत १५ गुण आणि दहा संघांत दहावं स्थान.

दहावं स्थान बघून हा प्रयोग फसला असं त्या वर्षी कुणी म्हटलं असतं तर खोडून काढणं अवघड होतं. आज ती यादी हातात घेतली की सुरेश वांगजाम, जीक्सन सिंग, अन्वर अली, रहीम अली ही नावं भारताच्या वरिष्ठ संघात सापडतात. अनिकेत जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा संघांकडून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला आणि मार्च २०२२मध्ये वरिष्ठ संघाच्या ताफ्यात त्याचं नाव आलं. आणि गंमत पाहा, जीक्सन आणि अन्वर हे दोघं त्या विश्वचषक संघाच्या मूळ चाळणीत नव्हतेच. २०१५पासून गोव्यात तयारी चालली होती. मिनर्व्हा अकादमीच्या पोरांनी या तयार संघाला हरवलं, तेव्हा प्रशिक्षक लुईस नॉर्टन दे मातोस यांची नजर त्यांच्याकडं गेली आणि शेवटच्या काही महिन्यांत ते आत आले. त्या विश्वचषकातला भारताचा एकमेव गोल जीक्सनचा.

मग वय, अंग आणि संघातली जागा यांचा हिशेब वजा केल्यावर पोरात पाहायचं काय उरतं? शिकण्याचा वेग. तालमीतले वस्ताद हे फार पूर्वीपासून पाहत आलेत. नव्या पोराला लगेच जोड देत नाहीत. आधी आखाडा खणायला लावतात, माती मळायला लावतात, जोर-बैठका मारायला लावतात. मग एक डाव शिकवतात आणि बघतात, की मोठ्या गड्याकडून पाठीवर पडल्यावर हे पोरगं दुसऱ्या दिवशी तोच डाव जरा निराळा करून बघतंय का. मार खाऊन तसंच परत येणारं पोरगं धीट असतं, पण काहीतरी बदलून परत येणारं पोरगं पुढं जातं.

फुटबॉलमध्ये हीच गोष्ट अगदी जवळून पाहता येते. मधल्या फळीतल्या एखाद्या पोराकडं चेंडू येत असताना चेंडू न बघता त्याचं डोकं बघा. चेंडू पायाशी यायच्या आधी त्यानं मान वळवून मागं पाहिलं का? एकदा? दोनदा? नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या नावाजलेल्या मिडफिल्डरांच्या माना किती वेळा वळतात ते मोजलं. जे चेंडू यायच्या आधी जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पुढं दिलेले पास जास्त प्रमाणात बरोबर पडतात, असं त्यांना दिसलं. याला उंची लागत नाही, वजन लागत नाही, आणि ते शिकवता येतं. आज सांगितलं आणि पुढच्या महिन्यात मान आपोआप वळू लागली, तर ते पोरगं संघानं धरून ठेवावं.

अडचण एकच. हे सगळं सामन्यातच दिसतं, सरावात पुरतं दिसत नाही. बाकावर बसलेल्या खेळाडूची पारख कुणालाच करता येत नाही. यानिसला त्या तळाच्या संघानं पहिल्याच वर्षी ७७ सामन्यांत खेळवलं; ६.८ गुणांवर त्याला बसवलं असतं, तर पुढचे आकडे चढले नसते. संघ उभा करायचं ठरवलेल्या मंडळानं हंगामाआधीच ठरवून टाकावं, की या तीन पोरांना इतकी मिनिटं मिळणारच, सामना हरला तरी. एका चषकात नाही म्हटलं तरी लीगमध्ये नक्की. आणि त्यांच्या शेजारी एक जाणता गडी ठेवावाच. फिलाडेल्फियाचं मोठं चुकलं ते इथं. पोरं पोरांतच वाढली, ड्रेसिंग रूममध्ये सांगणारं फारसं कुणी नव्हतं. आपल्या तालमींकडं ही श्रीमंती आहे. दहा-पंधरा वर्षं खेळलेला, गुडघ्याला पट्टी बांधून वीस मिनिटं उतरणारा माणूस जवळपास प्रत्येक पेठेत सापडतो.

या कामाला एक साधी वही पुरेल. प्रत्येक पोरामागे चार पानं. पहिल्यावर जन्मतारीख, आणि दर तीन महिन्यांनी उभ्याची आणि बसल्याची उंची, वजन. दुसऱ्यावर कुठल्या जागी किती मिनिटं खेळला. तिसऱ्यावर गोल, पण चालत्या खेळातले वेगळे आणि थांबलेल्या चेंडूवरचे वेगळे. चौथ्यावर प्रशिक्षकानं काय बदलायला सांगितलं आणि ते बदललं का. वही लिहिणारा माणूस प्रशिक्षक नसावा, कारण आपण निवडलेलं पोरगं प्रत्येकालाच चांगलं दिसतं. आणि ज्यांना सोडलं, त्यांची पानं फाडू नयेत. सोळा-सतराव्या वर्षी त्यांना पुन्हा एकदा सरावाला बोलवावं, अंग भरल्यावर.